खर्जाची पेटी व तिचें माप

अलीकडे वरच्या वर्गांतील कित्येक विद्यार्थ्यांस एक नवा छंद लागलेला दिसतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून अगर पुण्याच्या तपकीर गल्लींतून एक मोठा स्पीकर विकत आणावयाचा, प्लायवूडची पेटी करून तींत तो बसवावयाचा, आणि गाण्यांतील खर्जाचे स्वर घरबसल्या ऐकावयाचे. अशा पेटीस सबवूफर म्हणतात. छंद चांगला आहे. त्यांत हात, डोळा व गणित ह्या तिघांनाहि काम मिळतें. परंतु आमच्या असें पाहण्यांत आलें आहे कीं, स्पीकर निवडण्यासाठीं चार दुकानें हिंडणारा विद्यार्थी पेटीचें माप मात्र नुसत्या अंदाजानें ठरवितो. कोणी मित्राच्या पेटीची नक्कल करितो, कोणी पलंगाखालीं मावेल एवढी करितो, तर कोणी 'पेटी मोठी तेवढा खर्ज मोठा' ह्या समजुतीनें कपाटाएवढी करितो. मग पेटी घुमूं लागते, डग्ग्याचा घुमारा व मोटारीचा घरघराट सारखेच ऐकूं येतात, आणि दोष बिचाऱ्या स्पीकरवर येतो. तोंपर्यंत वडिलांचे पैसे व मुलाची दिवाळीची सुटी हीं दोन्ही खर्ची पडलेलीं असतात. म्हणून हा विषय येथें थोडा विस्तारानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. ह्यास लागणारें गणित वर्ग, वर्गमूळ व भागाकार ह्यांपलीकडे जात नाहीं.

प्रथम पेटी हवीच कशाला, तें पाहूं. स्पीकरची आजची घडण मुळांत १९२५ सालची आहे. त्या वर्षीं अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग ह्या दोन संशोधकांनीं आपल्या स्पीकरचें वर्णन प्रसिद्ध केलें. लोहचुंबकाच्या फटींत तारेचें एक हलकें वेटोळें, आणि त्या वेटोळ्यास जोडलेला कागदाचा शंकूसारखा पडदा. वेटोळ्यांतून विजेचा प्रवाह उलटसुलट वाहूं लागला कीं, पडदा पुढें-मागें हलून हवेस ढकलतो. आतां पडदा पुढें सरतो तेव्हां त्याच्या पुढची हवा दाबली जाते. पण त्याच क्षणीं मागची हवा विरळ होते. पुढचा दाब व मागची विरळता हीं एकमेकांस गांठूं शकलीं तर जमाखर्च सारखा होऊन शिल्लक कांहींच राहत नाहीं. उंच स्वरांच्या लहरी आंखूड असतात. त्यांना पडद्यास वळसा घालून मागें जाणें कठीण पडतें. खर्जाची गोष्ट निराळी. सेकंदास ४० आंदोलनांचा स्वर घेतला तर त्याची एक लहर सुमारें साडेआठ मीटर लांब भरते. तिच्यापुढें १० इंची पडदा म्हणजे ओढ्यांत रोवलेली काठी. ज्यांस प्रत्यय हवा त्यांनीं उघडा स्पीकर हातांत धरून हलक्या आवाजांत वाजवावा. गाणें किरटें ऐकूं येईल. मग पुठ्ठ्याच्या एका मोठ्या तक्त्यास भोंक पाडून त्यावर तो टेकवावा. हरवलेला खर्ज बराचसा परत येतो. मागच्या आवाजाची पुढें येण्याची वाट लांबविली, एवढेंच आपण केलें. बंद पेटी ही वाट अजिबात बंद करिते.

येथपर्यंत पेटी म्हणजे नुसती भिंत झाली. परंतु तिच्यांत कोंडलेली हवा स्वस्थ बसत नाहीं, आणि मापाचा सगळा प्रश्न येथूनच निघतो. सायकलचा पंप घ्यावा, तोंड आंगठ्यानें घट्ट दाबावें व दांडा थोडासा आंत ढकलावा. सोडतांच दांडा परत येतो; आंतली हवा स्प्रिंगचें काम करिते. दांडा पूर्ण बाहेर असतांना ही स्प्रिंग मऊ लागते. अर्धा आंत असतांना तेवढ्याच सरकण्यास पुष्कळ अधिक जोर लागतो. हवा थोडी तेवढी तिची स्प्रिंग कडक, हवा पुष्कळ तेवढी ती मऊ. सबब लहान पेटी म्हणजे पडद्याच्या पाठीस लाविलेली कडक स्प्रिंग, मोठी पेटी म्हणजे मऊ स्प्रिंग.

स्पीकरच्या पडद्यास स्वतःचीहि एक स्प्रिंग असते. त्याच्या कडेची लवचीक गोट व मागची चुणीदार चकती हीं त्यास मध्यावर परत ओढीत असतात. शिवाय पडद्यास व वेटोळ्यास वजन असतें. स्प्रिंग व वजन एकत्र आलीं कीं त्या जोडीस स्वतःचा असा एक स्वर येतो. आपल्याकडील वाद्यें ह्याची साक्ष देतात. तबल्याचे गठ्ठे ठोकून वादी ताणली कीं स्वर चढतो. पखवाजाच्या डाव्या पुडीस कणकेचा लेप दिला कीं वजन वाढून तो उतरतो. स्पीकरचा नियम हाच. पेटींत बसविला कीं त्याच्या स्वतःच्या स्प्रिंगेंत हवेच्या स्प्रिंगेची भर पडते व त्याचा स्वर चढतो; कोणत्याहि बंद पेटीनें तो उतरत नाहीं. 'पेटीनें खर्ज वाढतो' असें म्हणणाऱ्यांनीं हें एक वाक्य ध्यानांत ठेवावें. बंद पेटी खर्ज निर्माण करीत नाहीं. ती मागची गळती थांबविते व त्याबद्दल थोडी किंमत घेते. ती किंमत किती, हेंच आपणांस मोजावयाचें आहे.

ह्या हवेच्या स्प्रिंगेस अडचण न मानतां साधन मानण्याची कल्पना एडगर विल्चर ह्या अमेरिकन गृहस्थांनीं १९५४ सालीं प्रत्यक्षांत आणिली. ते त्या वेळीं न्यूयॉर्क येथें ध्वनिपुनरुत्पादनाचा एक वर्ग शिकवीत असत. कापडाची व कागदाची स्प्रिंग फार ताणली कीं वेडीवांकडी वागते, हवेची तितकी वागत नाहीं. मग पडद्याची आपली स्प्रिंग मुद्दाम ढिली ठेवावी व लहान, घट्ट बंद पेटींतील हवेकडूनच तें काम करवून घ्यावें, असा त्यांचा विचार. हेन्री क्लॉस नांवाचा त्यांच्याच वर्गांतील एक विद्यार्थी भागीदार झाला व दोघांनीं मॅसॅच्युसेट्स राज्यांतील केंब्रिज गांवीं कारखाना काढला. तत्पूर्वीं चांगल्या खर्जासाठीं कपाटाएवढ्या पेट्या लागत. ह्यांची पेटी पुस्तकांच्या मांडणीवर राहूं लागली. हेच विल्चर पुढें बहिऱ्यांच्या श्रवणयंत्राकडे वळले, व त्यांतील आपल्या महत्त्वाच्या शोधाचें पेटंट त्यांनीं घेतलें नाहीं. गुरुशिष्यांची अशी जोडी आम्हां शिक्षकांस विशेष आवडावी ह्यांत नवल नाहीं!

तरी पेटीचें माप नेमकें किती, ह्याचें सुटसुटीत गणित ऑस्ट्रेलियांतून आलें. नेव्हिल थील ह्यांचा निबंध तेथें १९६१ सालीं प्रसिद्ध झाला. परंतु १९७१ सालीं अमेरिकेंत तो पुन्हा छापला जाईपर्यंत बाहेरच्या जगाचें त्याकडे फारसें लक्ष गेलें नाहीं. त्या पाठोपाठ सिडनी विद्यापीठांतील रिचर्ड स्मॉल ह्यांनीं १९७२ व ७३ सालच्या लेखांत तोच विषय पूर्णत्वास नेला. आज चांगल्या स्पीकरबरोबर जो कागद मिळतो, त्यावरील आंकडे ह्या दोघांच्या नांवानेंच ओळखिले जातात. कागदावर पुष्कळ आंकडे असले तरी आपणांस तीनच पुरेत.

पहिला एफ्-एस्, म्हणजे उघड्या स्पीकरचा स्वतःचा स्वर, सेकंदास किती आंदोलनें तें. दुसरा व्ही-ए-एस्, हा लिटरांत असतो. जितक्या हवेची स्प्रिंग पडद्याच्या स्वतःच्या स्प्रिंगेइतकीच कडक असेल, तितक्या हवेचें हें घनफळ होय. हा स्पीकरचा आकार नव्हे किंवा पेटीचेंहि माप नव्हे. दुकानदारसुद्धां येथें गोंधळ करितात. तिसरा क्यू-टी-एस्. झोक्यास एक धक्का देऊन सोडला तर तो किती वेळ हलत राहतो, तशा प्रकारचा हा आंकडा आहे. आंकडा लहान असेल तर पडदा चटकन थांबतो, मोठा असेल तर रेंगाळतो. थांबविण्याचें काम मुख्यतः चुंबक करितो. खात्री करावयाची असल्यास मोकळ्या स्पीकरच्या पडद्यावर हलकेंच टिचकी मारावी, मग त्याचीं दोन्ही टोकें तारेच्या तुकड्यानें जोडून पुन्हा मारावी. पहिल्यानें 'धुम्' असा आवाज येईल, दुसऱ्यानें 'धप्' असा आंखूड.

पेटींत गेल्यावर पडद्याचा स्वर व त्याचा क्यू हे दोन्ही एकाच प्रमाणांत वाढतात. तें प्रमाण असें काढावें: व्ही-ए-एस् ला पेटीच्या घनफळानें भागावें, त्यांत १ मिळवावा व वर्गमूळ घ्यावें. एक ही पडद्याची आपली स्प्रिंग, भागाकार ही हवेची. दोहोंची बेरीज झाली, आणि स्वर हा कडकपणाच्या वर्गमूळाप्रमाणें चढतो म्हणून वर्गमूळ आलें.

आतां पेटींतील क्यू किती असावा? जाणत्यांचें मत ०.७ च्या आसपास पडतें. तेथें खर्ज सपाट राहतो, कोणताहि एक स्वर वर उसळत नाहीं, आणि पडदाहि वेळेवर थांबतो. म्हणून उलट दिशेनें गणित मांडावें. ०.७ ला स्पीकरच्या क्यू-टी-एस् नें भागावें. आलेल्या संख्येचा वर्ग करावा. त्यांतून १ वजा करावा. आणि ह्या बाकीनें व्ही-ए-एस् ला भागावें. येईल तें पेटीचें घनफळ, लिटरांत.

उदाहरण घेऊं. १० इंची स्पीकरच्या कागदावर एफ्-एस् २८, क्यू-टी-एस् ०.५ व व्ही-ए-एस् ३० लिटर असें छापलें आहे असें समजा. ०.७ भागिलें ०.५ म्हणजे १.४. त्याचा वर्ग १.९६. एक वजा करून ०.९६. तीस भागिलें ०.९६ म्हणजे ३१.२५. तर पेटी सव्वाएकतीस लिटरांची हवी, व तींत पडद्याचा स्वर २८ गुणिलें १.४ म्हणजे सुमारें ३९ होईल. त्याच्या खालीं खर्ज हळूहळू उतरत जाईल.

हाच स्पीकर कोणीं १० लिटरांच्या चिमुकल्या पेटींत कोंबला तर? तीस भागिलें दहा, तीन; अधिक एक, चार; वर्गमूळ दोन. स्वर दुप्पट होऊन ५६ झाला, क्यू १ झाला. म्हणजे ५६ च्या खालचा खर्ज उतरणीस लागला, आणि त्याच्या वरच्या बाजूस सुमारें सव्वा डेसिबेलचा उंचवटा आला. त्याहून लहान पेटींत हा उंचवटा भराभर वाढतो, व प्रत्येक ठोका आपला स्वर सोडून पेटीच्याच स्वरांत बोलूं लागतो. उलट ९० लिटरांची पेटी केली तर स्वर ३२ वर येतो व क्यू ०.५८ होतो. जवळजवळ तिप्पट मोठी पेटी करून सात आंदोलनें खालीं उतरलों! आणि पेटी घराएवढी केली तरी २८ च्या खालीं जातां येणार नाहीं. शिवाय फार मोठ्या पेटींत हवेची स्प्रिंग इतकी ढिली होते कीं, जोरांत वाजवितांना पडदा आपल्या मर्यादेबाहेर जाऊन वेटोळें आपटण्याची भीति असते. मोठ्या पेटीवर श्रद्धा ठेवणाऱ्यांस एवढें उत्तर पुरे व्हावें.

ह्याच गणितांत एक दिलासाहि आहे. ३१ च्या ऐवजीं पेटी २८ लिटरांची झाली तर स्वर ३९ चा ४० होतो, आणि तेवढा फरक कोणाच्याहि कानास कळत नाहीं. वर्गमूळ चुकीची धार बोथट करितें. एखाद्या लिटरासाठीं सुताराशीं भांडूं नये.

दुसऱ्या एखाद्या स्पीकरसाठीं हें गणित करितांना बाकी शून्य अगर ऋण आली, तर चूक आपली नव्हे. ज्याचा क्यू-टी-एस् मुळांतच ०.७ किंवा अधिक आहे, त्यास कोणतीहि बंद पेटी सपाट करूं शकत नाहीं. असा स्पीकर ह्या कामासाठीं घेऊंच नये. आणि क्यू-टी-एस् ०.३ सारखा फार लहान असला तर पेटी इवलीशी येते, पण स्वर सव्वादोनपटीहून वर चढतो. असा स्पीकर दुसऱ्या प्रकारच्या, नळीच्या पेटीसाठीं असतो.

नळीच्या पेटीविषयीं थोडक्यांत सांगतों. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली कीं ती एका ठराविक स्वरांत हुंकारते. गळ्यांतील हवा हें वजन व पोटांतील हवा ही स्प्रिंग. पेटीस तशीच नळी बसविली तर मागचा वाया जाणारा आवाजहि एका स्वराभोंवतीं उपयोगास येतो. परंतु येथें दोन मापें जुळवावीं लागतात. ५० लिटरांची पेटी ३० आंदोलनांवर लावावयाची तर १० सेंटिमीटर व्यासाची नळी सुमारें ४५ सेंटिमीटर लांब लागते. ती आंत मावत नाहीं म्हणून मुलें बारीक व आंखूड नळी घालितात, आणि मग हवा सूं-सूं करूं लागते. शिवाय त्या स्वराच्या खालीं पेटीची स्प्रिंग जवळजवळ नाहींशी होते व पडदा बेफाम हलतो. पहिल्या पेटीसाठीं तरी आमचें मत बंद पेटीच्याच बाजूनें आहे. तींत एकच माप आहे व तें थोडें चुकलें तरी ती क्षमा करिते.

आतां सुतारकाम. सव्वाएकतीस लिटर ही मोकळी हवा हवी. स्पीकरचें आंतलें धड सुमारें दोन लिटर व आधाराची आडवी पट्टी एखादा लिटर जागा खाते. म्हणून आंतून एकंदर ३४ लिटर, म्हणजे ३४,००० घन सेंटिमीटर धरावे. ३८ × ३२ × २८ सेंटिमीटर केलें कीं हिशेब बसतो. लांबी, रुंदी व उंची थोडी इकडेतिकडे केली तरी चालेल. ज्या लहरी कित्येक मीटर लांब आहेत, त्यांना पेटी उभट कीं बसकी ह्याचें सोयरसुतक नसतें. त्यांना फक्त घनफळ कळतें.

परंतु सुताराकडे कागद देतांना 'आंतून माप' हे दोन शब्द ठळक लिहावे. पुष्कळ पेट्या येथेंच बिघडतात. १८ मिलिमीटरचें प्लायवूड वापरलें तर बाहेरचें माप ४१.६ × ३५.६ × ३१.६ होतें. सुतारानें ३८ × ३२ × २८ हेंच बाहेरचें माप धरलें, तर आंत २४ लिटरसुद्धां उरत नाहींत. जवळजवळ तिसरा हिस्सा लांकडांत गेला! विश्वास बसत नसेल त्यानें वहींत गुणाकार करून पाहावा. पेटी तिरकस पाठीची असल्यास गुणाकाराचा त्रास नको. एक लिटरच्या मापानें बाजरी ओतून मोजावी. आईची परवानगी मात्र आधीं घ्यावी.

पेटी कांहींशी लहान झालीच तर तींत उशींतला कृत्रिम कापूस सैल पिंजून भरावा. हवा दाबली कीं तापते व तापल्यानें अधिक कडक होते. कापूस ती उष्णता शोषून घेतो, म्हणून पेटी आहे त्याहून दहा ते वीस टक्के मोठी असल्यासारखी वागते. कापूस चुंबकाच्या मागच्या भोंकांत जाऊं देऊं नये.

जुन्या बाजारांतून घेतलेल्या स्पीकरचा कागद नसतो. तरी व्ही-ए-एस् घरीं काढतां येतो. मोबाईलवर निरनिराळ्या आंदोलनांचे स्वर वाजविणारें साधन मिळतें. तें ध्वनिवर्धकामार्फत, मध्यें एक मोठा रोधक घालून, स्पीकरला द्यावें व मल्टिमीटरनें स्पीकरच्या टोकांवरील दाब पाहावा. ज्या आंदोलनाला हा दाब सर्वांत जास्त होतो, तो त्याचा स्वर. एकदां उघड्या स्पीकरचा घ्यावा, एकदां माहीत असलेल्या घनफळाच्या घट्ट पेटीवर बसवून घ्यावा. दुसऱ्यास पहिल्यानें भागून वर्ग करावा, एक वजा करावा व पेटीच्या लिटरांनीं गुणावें. वरच्या उदाहरणांतील १० लिटरांच्या पेटीवर स्वर २८ चा ५६ झाला होता. दोनाचा वर्ग चार, वजा एक तीन, गुणिलें दहा, तीस लिटर. म्हणजे तेंच गणित उलट्या वाटेनें परत आलें. मिळणारें उत्तर स्थूल असतें, पण पेटीपुरतें पुरेसें असतें.

पालकांसाठीं एक गोष्ट. माप बरोबर असूनहि पेटी घुमली तर लगेच मुलास बोल लावूं नये. खोलीचाहि एक स्वर असतो. साडेतीन मीटर लांबीच्या खोलींत तो ४९ च्या सुमारास येतो. पेटी कोपऱ्यांतून काढून भिंतीच्या मध्याजवळ ठेवून पाहावी. मात्र खर्ज भिंतींतून शेजाऱ्याकडे सर्वांत सहज जातो, हेंहि मुलांस सांगावें. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं वस्तीच्या भागांत रात्रीं ४५ डेसिबेलची मर्यादा घातली आहे, आणि पलीकडच्या खोलींत झोपलेल्या आजोबांची मर्यादा त्याहूनहि कमी असूं शकते.

पेटी जोडून झाल्यावर शेवटची तपासणी फटींची. बंद पेटी खरोखरच बंद नसेल तर वरचें सगळें गणित फुकट. सांधे सरसानें व स्क्रूनें घट्ट करावे, स्पीकरच्या कडेखालीं फोमची पट्टी द्यावी, तारा जेथून बाहेर येतात तें भोंक बुजवावें. मग ३० आंदोलनांचा स्वर हलक्या आवाजांत लावून पेटवलेली उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळून सावकाश फिरवावी. जेथें धूर थरथरेल तेथें पेन्सिलीनें खूण करावी, सरसांत लांकडाचा बारीक भुसा कालवून ती फट आंतून लिंपावी, आणि पेटी एक रात्र वाळूं द्यावी.